सव्विसावी पिशवी

सियागंजात हकीमुद्दीनभाईंनी काउंटरवर
साडीची कव्हरं ओतली ढीगभर.
"ये लो बेन, शादी का एल्बम भी इसी में रहता है."
मी एक उघडून नाकाशी धरलं.
नव्या रेनकोटचा वास. म्हणजे नको.
वास मारतं ते प्लास्टिक घाम सोडतं,
दहा वर्षांत शाई चाटतं,
आणि सोलायला जावं तर राक्षसाचं नाक
कव्हरला चिकटून वर येतं.
आमच्या नऊ नंबरला आता नाक नाही.

मग पॉलिप्रॉपिलीन. चुरचुरतं, स्वस्त,
पण सात-आठ वर्षांनी बदला.
तेव्हा मी सत्तरीत असेन, कोण बदलेल?
आणि शेवटी पॉलिएस्टर, काचेसारखं, कडक,
एका पिशवीच्या पैशात
बाबांनी त्या काळी दहा अंक आणले असते.
ते आधी हसले असते,
मग बिल मागितलं असतं.

बाबांची सजावट म्हणजे सुतळी.
रामबागेत पिठाच्या गिरणीला लागून टपरी,
या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत दोरी
आणि आईचे कपड्यांचे चिमटे.
घरी नेलं तर दिवसाला पंचवीस पैसे,
फळीवर बसून वाचलं तर दहा.
उन्हानं आधी लाल रंग जायचा,
मे संपेपर्यंत सगळे शूरवीर निळे.
संध्याकाळी बाबा एकेका अंकावरचं पीठ झटकत,
फाटक्या पाठीला कणकेची खळ लावत,
प्रेमानं, बोटानं, कोपऱ्यापर्यंत.
त्या खळीवर कसरीच्या किती पिढ्या
सुखानं नांदल्या, त्यांना कधी कळलं नाही.

उल्हास म्हणतो, विकून टाक, ताई.
पुण्याच्या एका संग्राहकानं फोटो मागवले,
उत्तर आलं: शिक्के आहेत. पिना गंजलेल्या.
आतल्या पानांवर तेलाचे डाग. दर्जा कमी.
डाग शेवेचे आहेत, मी कळवलं नाही.
चौदा नंबर, पान अकरा:
तेलानं कागद इतका आरपार झालाय
की मागच्या पानावरचा घोडा
पुढच्या पानावरच्या दरबारात उभा राहतो,
आणि राजा त्याच्याशीच बोलतोय असं वाटतं.

तर घेतलं पॉलिएस्टरच. सव्वीस पिशव्या.
प्रत्येकीत मागे आम्ल नसलेला पुठ्ठा.
त्यात खडूची भुकटी घालतात म्हणे,
जुन्या कागदाचं आंबटपण ती पिऊन टाकते.
म्हणजे पानाला चुना लावायचा, एवढंच.
या विनोदावर घरात मी एकटी हसले.

डब्यात उभे ठेवले. कोंबून नाही,
सैलही नाही, नाहीतर कंबर वाकते.
डांबरगोळ्या काढल्या.
डबा बाहेरच्या भिंतीपासून हात-दीड हात आत,
ओल येते तिथे, पलंगाखाली तर नाहीच.
भाचीला सांगितलं: हात धू. पूस. मग वाच.
ती म्हणाली, मावशी, ऑपरेशन आहे का?

भिंतीवर एकच लावायचा होता.
जेल रोडचा फ्रेमवाला म्हणाला, काच बसवतो.
मी ऊन गाळणारं ॲक्रिलिक मागितलं,
तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
की मीच काहीतरी गाळलंय.
आठ दिवसांनी मिळालं. आत घातला नऊ नंबर.
त्याचा लाल कधीच गेलाय, नाकही गेलंय,
खिडकीसमोर उभं राहायची भीती
आता त्यालाच सगळ्यात कमी.

अंक मात्र पंचवीसच आहेत.
सतरा नंबर नाही.
बाबांच्या लाल वहीत त्याची नोंद आहे:
नेला बारा मार्चला, डोंगऱ्यांचा किशा.
'परत' या रकान्यात तारीख नाही.
तिथे पेन्सिलीनं, बाबांच्या तिरप्या अक्षरात,
"पोरगं दवाखान्यात. मागायला जाऊ नये."

पेन्सिल पुसट होत चाललीय.
वहीचं माप पिशवीत बसत नाही.
सव्विसावी रिकामीच ठेवलीय डब्यात,
सोळा आणि अठराच्या मध्ये.
पुठ्ठा घातलाय तिच्यातही,
वाकू नये म्हणून.